दोन बोटं माया

दुबईतली दिवाळीची साफसफाई तशी सोपी. माळा नाही, अंगण नाही, सांगलीच्या घरात असायचे तसे पितळी डब्यांचे ढीग नाहीत. वाळू तेवढी आहे. खिडक्या कितीही घट्ट लावा, ती येतेच. पण यंदा वाळूला हात लावायच्या आधी मी बेडरूममधलं कपाट उघडलं, कारण त्यातलं काहीच मला होत नव्हतं.

हे वाक्य मी यापूर्वीही कैक वेळा म्हटलंय. पण तेव्हा त्याचा अर्थ उलटा होता!

गेल्या सोळा महिन्यांत माझं वजन ८३ किलोवरून ६५ वर आलं. कसं, ते आधीच सांगून टाकते, कारण मंडळाच्या कोजागरीला मसाला दुधाचा पेला हातात धरून प्रत्येकीने तेच विचारलं. जादू काही नाही. हिवाळ्यात झबील पार्कमध्ये रोज एक तास चालणं. तिथे ती दीडशे मीटर उंचीची ‘दुबई फ्रेम’ कायम समोर असते, त्यामुळे आपण फोटोत चालतोय असं वाटत राहतं. उन्हाळ्यात दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये फेऱ्या. रात्रीचं जेवण साडेसातला, भात एक वाटी, आणि मुलीच्या ताटातलं उरलेलं ‘वाया नको जायला’ म्हणून संपवायचं नाही. या शेवटच्या नियमानेच निम्मं वजन उतरलं असावं.

का, ते सांगायला जरा अवघड आहे. माझ्या आईला मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला, लेझरच्या खेपा झाल्या. माणसं दिसतात, टीव्ही दिसतो. सुईचं नेढं दिसत नाही. आमच्या घरचं शिवणाचं मशीन आयुष्यभर तिने चालवलं. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, माझे शाळेचे फ्रॉक, पुढे मी शिक्षिका झाल्यावर माझे पंजाबी ड्रेस. आता त्या मशीनवर टेबलक्लॉथ घालून फोन ठेवलेला असतो. सोळा महिन्यांपूर्वी माझी एचबीएवनसी चाचणी ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या कमरेला टेप लावली आणि म्हणाल्या, “१०१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या आत हवी.” शिवणाऱ्या बाईची मुलगी मी, टेपमध्येच लहानाची मोठी झाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला टेपची भीती वाटली.

तर कपाट. पलंगावर मी ढीग घातले. मोठ्या मापाचे कुडते, दोन तंबूसारखे गाऊन, आणि लेगिंग्ज, लेगिंग्ज, लेगिंग्ज. एक शोध मला तिथेच लागला. नाडी खरं बोलते, इलॅस्टिक खोटं बोलतं. नाडीची गाठ आज इथे, उद्या तिथे, तुम्हाला लगेच कळतं. इलॅस्टिक मात्र अकरा वर्षं ‘काही नाही गं, होतंय की’ म्हणत राहिलं. इथे आल्यावर नोकरी नव्हती, साडी नेसायला कारण नव्हतं, बाहेर पडायचं ते गाडीतून मॉलपर्यंत. त्या गोड बोलण्यावर मी विसंबून राहिले.

मुलगी दारात उभी राहून बघत होती. आठ वर्षांची आहे. म्हणाली, “आई, तू लहान झालीस का?”

“बारीक झाले गं.”

“मग मोठे कपडे ठेव ना. मी मोठी होईन तेव्हा मला.”

मी तिच्याकडे बघितलं आणि तो ढीग त्याच दिवशी हलवायचा हे पक्कं केलं. नवरा म्हणाला, “चार राहू देत, परत लागलेच तर?” तो वाईट मनाने म्हणाला नाही, ती भीती मलाही होती. मी चार ठेवलेही. रात्री झोप येईना. शेवटी उठून तेही पिशवीत भरले. वजन परत वाढलं तर कळायला हवं, कुठला तरी कपडा घट्ट व्हायला हवा. सैल कपडे हाताशी असले, तर पुन्हा इलॅस्टिकचंच राज्य.

इथे आपल्या मनाने मदत म्हणून वस्तू गोळा करता येत नाहीत, त्यासाठी परवानगी असलेल्या संस्थाच लागतात. म्हणून दोन पिशव्या रेड क्रेसेंटच्या कपड्यांच्या पेटीत गेल्या. तिसरी पिशवी समोरच्या फ्लॅटमधल्या फिलिपिनो मैत्रिणीने मागून घेतली. नाताळपर्यंत पोचावा म्हणून ती दर वर्षी या दिवसांत घरी एक मोठं खोकं समुद्रमार्गे पाठवते. त्याला ते लोक ‘बालिकबायान’ खोकं म्हणतात. माझे कुडते आता तिच्या बहिणीकडे इलोइलोला निघालेत. मी अजून फिलिपाइन्स पाहिलेलं नाही. माझे कपडे आधी पाहणार.

मोठे कपडे असे निभावले. अवघड गेली ती पलंगाखालची निळी बॅग.

त्या बॅगेत माझे शाळेतले कपडे होते. एम.ए. झाल्यावर मी सांगलीला एका शाळेत पाच वर्षं मराठी शिकवलं. आठवी-नववीचे वर्ग. तेव्हाचे सुती ड्रेस, दोन कलकत्ता साड्या, त्यांवरचे ब्लाउज. लग्न होऊन येताना आणले होते, इथे नोकरी मिळेल म्हणून. मग ‘मुलगी झाल्यावर’, मग ‘बारीक झाल्यावर’. दर दिवाळीला बॅग उघडायची, एक ड्रेस अंगाला लावून बघायचा, मिटायची. या अकरा वर्षांत मला सगळ्यात जास्त कुणी बोल लावला असेल तर त्या बॅगेने.

यंदा ड्रेस झाला. चक्क झाला! खांद्यातून, छातीतून, हाताच्या घेरातून. मी आरशासमोर उभी राहिले आणि वाट बघितली. मला वाटलं होतं, हा ड्रेस अंगात गेला की ती बाई परत येईल, हातात खडू असलेली, मागच्या बाकावरच्या पोराला नजरेने गप्प करणारी. आरशात एक सदतीस वर्षांची बाई होती, जुन्या फॅशनचा, काखेत विरलेला ड्रेस घातलेली. ड्रेसमध्ये कोणी लपलेलं नव्हतं. शिकवणं ड्रेसमध्ये नव्हतंच. ते शनिवारी मंडळाच्या मराठी शाळेत मी जे अर्धवट मनाने करत होते, त्यात होतं. मी पलंगावर बसून थोडी रडले. मग तो ड्रेस कापून पुसायची फडकी केली. आई असंच करते. चांगलं सुती कापड टाकायचं नाही.

बॅगेच्या तळाशी जाड इरकल होती, टोप पदराची, लग्नातली. आणि तिच्यावरचा खणाचा ब्लाउज, आईने शिवलेला. साडीचा काही प्रश्न नव्हता. साडीसारखं समजूतदार वस्त्र नाही. मी ८३ किलोची होते तेव्हा चार निऱ्या पडायच्या, आता सात पडतात. ती काही विचारत नाही. ब्लाउज मात्र दोन्ही बगलांत लोंबत होता. तो घेऊन मी गुरुवारी बर दुबईला निघाले.

आपल्यापैकी अनेकांसाठी बर दुबई म्हणजे पार्किंगचा त्रास. म्हणून सांगते, मेट्रोने जा. बुर्जुमानला ग्रीन लाइन पकडायची आणि अल गुबैबाला उतरायचं. पाच-दहा मिनिटं चाललं की खाडी. आमच्या घरातून दिसणारी दुबई काचेची. ही दुबई लाकडाची. अब्रा अजूनही एका दिरहमला पलीकडे देऱ्याला नेते. धावे उभे असतात. याच खाडीतला गाळ साठीच्या दशकाच्या सुरुवातीला उपसला, तेव्हा मोठी गलबतं आत यायला लागली आणि गाव वाढलं. गाळ उपसणं हा विषय माझ्या सध्या फारच जिव्हाळ्याचा असल्यामुळे मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

काठाला लागूनच लाकडी छपराखालचा कापडबाजार. ‘पश्मिना, मॅडम, पश्मिना’ म्हणणाऱ्यांना टाळत आत गेलं की ठाण्यांची दुकानं. इथला कापडाचा धंदा सिंध आणि कच्छकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला. १९६६ पर्यंत इथे रुपयाच चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. त्यामुळे या गल्लीत हिंदी बोलताना परकं वाटत नाही. मी एक निळं सुती कापड काढायला लावलं आणि सवयीने म्हटलं, “कुर्ते के लिए, साढ़े तीन मीटर.” दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “किसके लिए?”

“मेरे लिए.”

“आपको ढाई बहुत है,” म्हणाले आणि कात्री चालवलीसुद्धा. सोळा महिन्यांत वजनकाट्याने जे सांगितलं त्यावर माझा पुरता विश्वास बसला नव्हता. या काकांवर बसला. कापड विकणारा माणूस एक मीटर कमी विकतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

तिथून मीना बाजार. साड्यांची, दागिन्यांची दुकानं आणि त्यांच्या मधल्या बोळांत, जिन्यांवर, माळ्यांवर शिंपी. माझे मास्टर मूळचे मुलतानचे. दुकान एवढंसं की माप देताना दार लावलं तर मशीन हलवावं लागतं. मी खणाचा ब्लाउज दिला. त्यांनी तो उलटा केला आणि बराच वेळ बघत बसले.

“बाजी, ये किसने सिया है?”

“माँ ने.”

त्यांनी बगलेतली शिवण बोटाने दाखवली. आईने दोन्ही बाजूंना भरपूर कापड आत सोडलं होतं. ते मी तीनदा उसवलं होतं. पहिल्यांदा लग्नानंतर दोन वर्षांनी, मग मुलगी झाल्यावर, मग चार वर्षांपूर्वी. खणावर सुईच्या भोकांच्या तीन रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेपलीकडे एक गडद पट्टी, कारण आत राहिलेल्या कापडाला ऊन लागलं नव्हतं. मास्टरांनी त्या रेघा झाडाच्या खोडावरच्या वर्तुळांसारख्या मोजल्या. “तीन दफ़ा खोला. अब पहली लकीर पे वापस.” मग म्हणाले, आत फार कापड होतंय, फुगेल, कापून टाकू?

आपण मराठीत या आत सोडलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतो. शिवताना माया ठेवायची. लहानपणी आई म्हणायची, “मुलीच्या जातीला वाढीचं अंग, माया ठेवावी,” तेव्हा मला तो फक्त शिवणाचा शब्द वाटायचा. लग्नाच्या ब्लाउजात सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलीला आता कुठली उंची वाढायची होती? पण आईला ठाऊक होतं. ही परदेशी जाईल, हिचं बाळंतपण होईल, ही कधी सुखाने सुटेल, कधी एकटेपणाने खात बसेल, आणि मी तिथे नसेन. म्हणून तिने दोन-दोन बोटं आत ठेवून दिली. ती मला अकरा वर्षं पुरली.

“मत काटिए,” मी म्हटलं. “रहने दीजिए.”

त्यांनी मान हलवली. “अच्छा है. आजकल कोई इतना छोड़ता नहीं.” पंधरा दिरहम घेतले. निळ्या कुडत्याचं माप घेताना मी त्यांना सांगितलं, याच्यातही माया ठेवा. आणि हो, पायजम्याला नाडी.

माझं नवं कपाट आता एवढंच आहे. निळ्यासारखे चार शिवलेले कुडते, दोन पँट, चालायचे बूट, साड्या, आणि पुष्कळशी रिकामी दांडी. अजून कंबर ८६ आहे. डॉक्टरीणबाईंच्या ऐंशीला सहा बाकी. साखर ५.५ वर आलीय. त्या रिकाम्या जागेत मुलीने तिचे गणवेश लटकवलेत. शनिवारच्या शाळेत मी यंदा मोठ्यांचा वर्ग मागून घेतला.

परवा आईला व्हिडिओवर इरकल आणि ब्लाउज घालून दाखवला. तिने फोन अगदी डोळ्याशी नेला, तरी तिला नीट दिसला नसणारच. आधी म्हणाली, “किती वाळलीस गं! तिकडे खायला घालतात ना तुला?” मग म्हणाली, “बगलेत घेतलास का?”

“हो. पहिल्या शिवणीवर.”

“मास्तरांनी माया कापली नाही ना?”

“नाही आई. दोन बोटं आहे दोन्हीकडे.”

“मग ठीक,” ती म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.