ताप किती?

लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंत दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. घोड्यांच्या हर्पिसचं, म्हणजे ईएचव्ही-१चं, तंत्रही तेच. बहुतेक शिंगरांना तो पहिल्या एक-दोन वर्षांतच गाठतो. नाक वाहतं, ताप येतो, शिंगरू बरं होतं. मग कधीतरी लांबचा प्रवास, नवा तबेला, स्पर्धेची दगदग... की हा पुन्हा जागा! गाभण घोडी तर वरून ठणठणीत दिसते आणि शेवटच्या महिन्यांत अचानक गाभडते. बाकीच्या घोड्या ते हुंगायला येतात आणि साथ पुढे सरकते.

फेब्रुवारी २०२१मध्ये स्पेनमधल्या वलेन्सियाला शो जम्पिंगच्या स्पर्धांत हा पसरला, तेव्हापासून मी याबद्दल वाचतोय. आपण स्वतःच तेव्हा मास्क लावून बसलो होतो, म्हणूनही असेल. तिथे मज्जारज्जूवर घाला घालणारा प्रकार होता. बारीक रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात. मागचे पाय लटपटतात, शेपूट ढिली पडते, लघवी तुंबते. उभं राहता येईना की पाचशे किलोचं जनावर पट्ट्यांनी टांगून धरावं लागतं. त्या साथीत १८ घोडे गेले. एफईआय या घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युरोपच्या मुख्य भूमीवरच्या स्पर्धा ११ एप्रिलपर्यंत बंद ठेवल्या. पण साथ लक्षात येईपर्यंत काही घोडे ट्रकमधून आपापल्या देशी निघालेही होते. त्या लोकांना सरसकट दोष देणं मला जमत नाही. आजारी घोड्यांच्या तंबूत आपला धडधाकट घोडा कोण ठेवेल?

लस आहे. आपल्याकडे हिसारच्या घोडे संशोधन केंद्रानेही गाभण घोड्यांसाठी बनवली. पण मज्जारज्जूचा प्रकार लस खात्रीने थोपवत नाही. मग हातात उरतो थर्मामीटर. लक्षणांच्या आधी बहुधा ताप येतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली तो लावायचा. पारा ३८.५च्या वर गेला की घोडा वेगळा. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, त्याच्याकडे जाणारा माणूसही वेगळा. विषाणू साध्या जंतुनाशकाने मरतो, पण माणसाच्या हातावरून आरामात फिरतो.

हे सगळं शेवटी मोतद्दाराच्या जिवावर चालतं. पहाटे अंधारात तो एकटा आकडा वाचतो. ३८.७ लिहिलं तर मालकाचा अख्खा हंगाम बुडणार, हे त्याला ठाऊक असतं. ताप सांगणाऱ्याला ओरडा बसत असेल, तर त्या तबेल्यात कितीही महागडी लस आणा, माझा भरवसा बसणार नाही.

आणि एकदा साथ आली, की शेवटच्या आजारी घोड्यानंतर साधारण २१ ते २८ दिवस दार बंद. ना कोणी आत, ना बाहेर. घोडे कंटाळतात, दाराचं लाकूड कुरतडत बसतात.