आहे, पण किती?

विहिरीचं पाणी मचूळ आहे हे जिभेला कळतं, क्लोराइडची खात्री मात्र सिल्व्हर नायट्रेट देतं. आज परीक्षानळीत त्या पाण्यात आधी विरल नायट्रिक आम्ल टाकलं. कार्बोनेटही चांदीबरोबर अवक्षेप देतो. आम्ल त्याला आधीच निकालात काढतं. हायड्रोक्लोरिक आम्ल इथे चालत नाही, ते स्वतःच क्लोराइड घेऊन येतं. चोरालाच पंच नेमल्यासारखं! मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले आणि लगेच पांढरा अवक्षेप. तो अमोनियात विरघळला. आयोडाइडचा पिवळा अवक्षेप विरघळला नसता.

वहीत लिहिलं:
सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड↓ + सोडियम नायट्रेट

सोडियम आणि नायट्रेट आयन दोन्हीकडे तसेच द्रावणात. त्यांना खोडलं:
सिल्व्हर आयन + क्लोराइड आयन → सिल्व्हर क्लोराइड↓

ही खोडाखोड मला आवडते. पाण्यातलं मीठ सोडियमचं असो वा मॅग्नेशियमचं, खरी घटना हीच.

पण चाचणी फक्त ‘आहे’ म्हणते. पिण्याच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड भारतीय मानकाला मान्य आहे. ‘किती’ हे कळायला अनुमापनच करावं लागेल.