पद्मिनी आणि ऑल्टो

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की आमच्या पिढीचे डोळे ओलावतात. माझेही ओलावतात, पण हिशेब मात्र नीट करावा असं वाटतं.

आमच्या काकांकडे प्रीमियर पद्मिनी होती. मूळची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि १९७४ पासून हे राणीचं नाव लावायची. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम ४० अश्वशक्ती. आज माझ्याकडे आहे ती ऑल्टो के-टेन. इंजिन ९९८ सीसी, म्हणजे लहानच, पण ताकद दीडपटीहून जास्त! तिथे कार्बोरेटर होता, इथे पेट्रोल मोजून सोडणारा संगणक आहे. तिथे सकाळी चोक ओढून मनधरणी करायची, इथे नुसती चावी फिरवायची.

पद्मिनीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढची सीट सलग बाकासारखी. त्यामुळे फोंड्याहून बेळगावला मामाकडे जाताना मी पुढेच, मधे बसायचे. पट्टे वगैरे कुणाला ठाऊक होते? अनमोड घाट चढताना पेट्रोलची पाइन तापून आत वाफ धरायची, पंपापर्यंत पेट्रोलच पोचायचं नाही, आणि गाडी बंद! मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचं. ते काम माझं. दहा वर्षांच्या मुलीला पंप कुठला आणि रेडिएटर कुठला हे पाठ होतं. ऑल्टोचं बॉनेट मी आजवर दोनदासुद्धा उघडलेलं नाही. गाडी मी चालवते, पण ती मला ओळखीची नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरातला फोटो मी काकांना दाखवला. आता त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पहाटे, जुलैच्या धो धो पावसात, ऑल्टो एका चावीत सुरू होते. पट्टा असतो, एअरबॅग असते. काकांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गाडी राणीच गो. पण डायलिसिसला तिच्यातून नको."

मला हा निवाडा पटतो. जुनी गाडी आपल्याला कामाला लावायची, म्हणून ती घरातली झाली. नवी आपल्याकडे काहीच मागत नाही. उतारवयात आणि आजारपणात माणसाला हीच गाडी हवी. फक्त फडकं धरायला शिकवणारं आता कुणी नाही, एवढंच.