कुकने अडवलेली गोळी

दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या रोजनिशीचं मला जुनं वेड. त्यामुळे ‘मेलबर्नच्या एका चित्रात कुक आपल्या शिपायांना गोळी झाडण्यापासून अडवतोय’ असं एक स्नेही सहज बोलून गेले, तेव्हा मी चमकलोच. रोजनिशीतला कुक तर स्वतःच बंदूक चालवतो! निघालो होतो सिडनीला, पण आधी मेलबर्न गाठलं.

मुक्कामाची खोली अशी, की खिडकी उघडावी तर हाताच्या अंतरावर शेजारची भिंत. पैसे मात्र समुद्र दिसत असल्यासारखे. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन, यारा नदी, ट्रामगाड्या हे सगळं चालता चालता उरकलं आणि फेडरेशन स्क्वेअरमधल्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात शिरलो.

फिलिप्स फॉक्सचं हे 1902 सालचं चित्र जवळजवळ 9 फूट रुंद आहे. लाल डगल्यातले शिपाई नेम धरून उभे, मधोमध कुक हात पुढे करून त्यांना आवरतोय, आणि दूर मागे भाले उगारलेले दोन मूलनिवासी, इतके बारीक की शोधावेच लागतात. चित्र इंग्लंडमध्येच काढायचं अशी देणगीदाराची अट होती, म्हणून मेलबर्नमध्ये जन्मलेल्या फॉक्सने ऑस्ट्रेलियाचं ऊन लंडनमध्ये बसून रंगवलं! रंगवलंय मात्र झकास.

आता चित्रातल्या त्या दिवसाची, म्हणजे 29 एप्रिल 1770 ची हकीकत कुकच्याच तोंडून. सिडनीजवळच्या बॉटनी बेच्या किनाऱ्यावर ग्वेगल जमातीचे दोघे होडी अडवून उभे. सोबत ताहितीहून घेतलेला दुभाषी तुपाइया होता, पण त्यालाही त्यांचं बोलणं कळेना. कुकने दोघांच्या मधून गोळी झाडली. एकाने दगड भिरकावला. कुकने पुन्हा बार काढला, छर्रे एकाला लागले. तो पळाला नाही, ढाल घेऊन परत आला. गोरे उतरल्यावर भाले आले, तेव्हा तिसरा बार. झोपडीत लपलेल्या मुलांपुढे मणी टाकून या मंडळींनी चाळीस-पन्नास भाले उचलून नेले.

कुकने यातलं काही लपवलं नाही. लपवलं ते चित्रकाराने. 1901 मध्ये सहा वसाहतींचं एक राष्ट्र झालं होतं. त्याला सौम्य मूळपुरुष हवा होता. 2006 मध्ये डॅनियल बॉयड या मूलनिवासी चित्रकाराने हेच चित्र नव्याने रंगवून कुकच्या डोळ्यावर चाच्याची पट्टी चढवली. मला तोच कुक अधिक खरा वाटतो.

ब्रिटिश म्युझियममधली एक ढाल त्या दिवशीची ‘ती’च, असं बरीच वर्षं मानलं जाई. निकोलस थॉमस या अभ्यासकाने ते खोडून काढलं. त्यांच्याशी मनातल्या मनात बराच भांडलो. पण ढालीचं लाकूड ज्या झाडाचं आहे ते बॉटनी बेच्या बऱ्याच उत्तरेला वाढतं म्हटल्यावर गप्प बसावं लागलं. भाल्यांबद्दल मात्र असा वाद नाही. त्यांतले चार 1771 मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचले आणि थेट 2024 मध्ये बॉटनी बेकाठच्या ला पेरूजच्या मूलनिवासींना परत मिळाले.

मेलबर्नला गेलात तर फॉक्सचं चित्र जरूर बघा. पण कुकची त्या दिवसाची नोंद आधी वाचून जा.