उडी त्यांची, घडी बाबांची

“धामण!”

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेडमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. ठिकाण थायलंड, पट्टायाच्या बाजूचं एक स्कायडायव्हिंग केंद्र. अंगावर पट्टे-बकलं चढलेली, विमानाला अजून वीस मिनिटं अवकाश, म्हणून मी इकडेतिकडे बघत होते. आणि तिथल्या लांबलचक टेबलावर, पांढऱ्या कापडाच्या घडीवर, आंबोलीच्या आमच्या घरातली धामण पडली होती. एक नव्हे, पाच!

धामण म्हणजे आमच्या घरातली एक वस्तू. दीड हात लांब, मनगटापेक्षा थोडी बारीक कापडी पिशवी, आत शिशाचे छर्रे भरलेले, दोन्ही तोंडं दुहेरी टाक्यांनी शिवलेली. उचलली की हातातून सापासारखी ओघळते. आई ती पापडांच्या कापडावर ठेवायची, आमसुलं वाळत घातली की चटईच्या कडेला ठेवायची. आंबोलीचा वारा काहीही उडवून नेतो, धामणीला मात्र हलवू शकत नाही. ती बाबांनी आग्र्याहून आणली होती एवढंच माहीत होतं. कशासाठी असते, कुणी विचारलंच नाही. पन्नास वर्षं ती पापडांची होती.

आणि आता समोर एक माणूस तीच धामण उचलतोय, रेशमासारख्या कापडाची एक चुणी सरळ करतोय, तिच्यावर धामण ठेवतोय, पुढची चुणी हातात घेतोय! मी खुणांनीच विचारलं, हे काय? त्याने सांगितलं: राखीव पॅराशूट. मुख्य पॅराशूट जमिनीवर बसून पोरं पटापट घडी करतात, पण हे राखीव मात्र परवानाधारक माणसानेच, टेबलावर, सावकाश. कापड निसटू नये म्हणून ही वजनं. घडी पूर्ण झाली की सगळी वजनं आणि सगळी हत्यारं मोजायची. एक जरी कमी भरलं तरी पुन्हा उघडायचं.

मोजायची! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबा सुट्टीवर आले की मच्छरदाणी बांधून झाल्यावर सेफ्टीपिना मोजायचे. आईची शिलाई संपली की कात्री, टेप, खडू, सुया मोजून डब्यात ठेवायचे, आणि एक सुई कमी भरली तर रात्री अकराला कंदील घेऊन पडवीभर शोधायचे. आई वैतागायची. आम्हाला वाटायचं, मिलिटरी शिस्त.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

उडीबद्दल काय सांगू! लेकीने पन्नाशीची भेट म्हणून ही टँडेम उडी दिली होती. माझ्या पाठीशी प्रशिक्षक बांधलेला, त्याच्या पाठीवर आम्हा दोघांचं पॅराशूट. तेरा हजार फुटांवर दार उघडलं आणि वाऱ्याचा असा लोट आत आला की श्वास परत ढकलला गेला. पोट पुढे, हातपाय मागे, अंगाची कमान! ही कमान लिओ व्हॅलेंटिन नावाच्या फ्रेंच माणसाने १९४० च्या दशकाच्या अखेरीला शोधली, हे मी नंतर वाचलं. त्याआधी माणसं हवेत कोलांट्या खात पडायची. आणि मग जवळजवळ मिनिटभर ताशी दोनशे किलोमीटरने खाली! पडतोय असं वाटतच नाही हो. वारा घट्ट होतो, गादीसारखा होतो, त्याच्यावर आपण पालथे पहुडलेलो असतो, आणि खाली समुद्राची कड, शेतांचे तुकडे, एक रस्ता. मी ओरडत होते आणि माझा आवाज मलाच येत नव्हता.

मग एक हिसका. आणि शांतता. एवढी शांतता की पट्ट्यांची कुरकुर ऐकू यावी. मी वर बघितलं. डोक्यावर आयताकृती पंख पसरला होता, त्याच्या ओळीने शिवलेल्या कप्प्यांत हवा भरली होती, दोऱ्यांवरून एक लहानसं चौकोनी कापड घसरत खाली आलं होतं. ते कापड दोऱ्यांना एकदम फाकू देत नाही, म्हणून पंख हळू उघडतो आणि हाडं मोडत नाहीत. मिनिटापूर्वी हे सगळं पाठीवरच्या एका पिशवीत होतं. एकही दोरी गुंतली नाही, एकही कप्पा उलटा भरला नाही. पाय जमिनीला लागल्याबरोबर मी पहिला प्रश्न विचारला, घडी कुणी घातली? प्रशिक्षकाने शेडकडे बोट केलं. विशीतला एक पोरगा गुडघ्यांवर बसून पुढच्या पंखातली हवा छातीने दाबून काढत होता. मी जाऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्याला काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

कारण बाबा हेच करायचे. हवाई दलात, आग्र्याला, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कितीतरी वर्षं. आंबोलीत सगळे म्हणायचे, ह्यांचा बापूस विमानातून उडी मारतो. आमच्याकडे घराआड एक फौजी, आंबोली, चौकुळ, गेळे, कुठेही जा, भिंतीवर वर्दीतला फोटो असतोच. त्या सगळ्या फोटोंत माझे बाबा उडी मारणारे असावेत असं मला फार वाटायचं. मी वर्गात तसं सांगायचेही. बाबा मात्र कुणी विचारलं की सांगायचे, “मी उडी मारूक नाय. मी घडी घालतंय.” मला ते ऐकून खाली बघावंसं वाटायचं. घडी तर आईपण घालते!

परतल्यावर कधी एकदा गावी जाऊन बाबांची ट्रंक उघडते असं झालं होतं, पण सुट्टी जुळायला तीन आठवडे गेले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सावंतवाडीहून एसटीने घाट चढले, तेव्हा आंबोलीत पाऊस असा कोसळत होता की समोरचं गडग्यापलीकडचं फणसाचं झाडही दिसत नव्हतं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं आमचं गाव. जूनमध्ये कपडे वाळत नाहीत, काड्या पेटत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते. पण बाबांची काळी ट्रंक उघडली तर आत सगळं कोरडं. डांबराच्या गोळ्या, मेणकापड, आणि सगळं चौकोनी घडीत. दोन धामणी. दोऱ्याने बांधलेली आंतरदेशीय पत्रं. आणि एक पांढरा रुमाल, चारही कोपऱ्यांना दोऱ्या, मधोमध आठ आण्याएवढं भोक, भोकाच्या कडेला बारीक, अगदी बारीक टाके.

तो रुमाल! चतुर्थीला सुट्टी मिळाली की बाबा आम्हा भावंडांना कावळेसादला न्यायचे. दरीतून वारा असा वर येतो की पाण्याचे तुषार उलटे चढतात, खाली टाकलेलं पान डोक्यावरून परत येतं. बाबा रुमालाच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून खाली दगड लावायचे. पहिला रुमाल भोकाशिवाय. तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलायचा, कलंडायचा, दगडासकट भिरभिरत जायचा. मग बाबा खिशातून कात्री काढायचे, मधोमध भोक पाडायचे, आणि तोच रुमाल डोलायचा थांबून ताठ तरंगायचा. “हवेक वाट दी, मगे ती तुका सांभाळतली,” असं म्हणायचे. आम्हाला ती जादू वाटायची.

जादू कसली, ती गोल पॅराशूटची शेंडीच होती! आत कोंडलेली हवा वाट नसली की एकदा या कडेने निसटते, एकदा त्या कडेने, म्हणून छत्र झुलतं. शिखरावर भोक ठेवलं की ती सरळ वरून जाते आणि झुलणं आवरतं. बाबांच्या काळातलं पॅराशूट गोलच. त्याला पंखासारखं वळवता येत नाही, वारा नेईल तिकडे जायचं, सेकंदाला पाच-सहा मीटरने जमिनीवर आदळायचं. म्हणून पाय जुळवून, गुडघे जुळवून, एका अंगावर लोळायचं. आणि हे तर मला येतं! आम्हाला ते बाबांनी गडग्यावरून उड्या मारायला लावून शिकवलं होतं. “पाय जुळव! हात धरू नको भुयेर! कुशीर पड!” हात टेकला की मनगट मोडतं. आंबोलीतल्या आमच्या आळीतली सगळी पोरं भुईवर छत्रीधारी सैनिकांसारखी पडायची आणि आम्हाला वाटायचं हा आमचा खेळ आहे.

पत्रं वाचत मी रात्री दोनपर्यंत बसले. बाबा कामाचं फार लिहीत नसत. पण एखाद्या पत्रात एक ओळ सापडायची: आज मालपुऱ्याला वारा जास्त, उड्या रद्द, आम्ही घातलेल्या घड्या तशाच. मालपुरा म्हणजे आग्र्याजवळचं मैदान, पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलच्या शिकाऊ जवानांनी जिथे उतरायचं ते. सैनिकी उडी साधारण बाराशे फुटांवरून. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार तीनशे फूट, म्हणजे घाट जितका उंच त्याच्या निम्म्यावरून! विमानाच्या तारेला अडकवलेला पट्टा छत्र ओढून काढतो, चार सेकंदांत ते उघडायला हवं. चुकलं तर दुसरा विचार करायला वेळ फारसा उरत नाही. बाबांची घडी त्या चार सेकंदांसाठी होती.

सकाळी पाऊस ओसरल्यावर मी चौकुळला एका निवृत्त सुभेदारकाकांकडे गेले. ते २ पॅरामधले, म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा बटालियन. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती तिच्यात गेली. ११ डिसेंबर १९७१ ला याच पलटणीने पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उडी घेतली, पुंगली पूल ताब्यात घेतला आणि ढाक्याकडे हटणाऱ्या फौजेची वाट अडवली. काका त्या उडीत होते. मी विचारलं, उडीआधी काय बघत होतात? “फुडच्याची पाठ,” ते म्हणाले. “प्रत्येकान फुडच्याची पाठ तपासूची. पॅक, दोरे, पट्टो. त्या पाठीर कोणाची तरी घडी. तुझ्या बापाशीची नसात, तर त्येच्यासारख्या कोणाची तरी. आमी त्या माणसाक कधी बघूक नाय, पण त्येच्यार जीव टाकून उडी मारूची.” आणि त्या दिवसानंतर जगभरच्या वर्तमानपत्रांत छत्र्यांनी भरलेल्या आकाशाचा जो फोटो छापला गेला, तो टांगाईलचा नव्हताच! सैन्याचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी दिलेला तो आधीच्या आग्र्याच्या सरावाचा फोटो होता. माझ्या बाबांचं आग्रा! त्या आकाशात बाबांच्या हातच्या किती छत्र्या असतील?

आणि स्कायडायव्हिंगचा खेळ? तोही याच हातांतून आला की! १९५१ मध्ये युगोस्लाव्हियात ब्लेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९६४ मध्ये डॉमिना जाल्बर्टने कप्प्याकप्प्यांच्या पंखाची कल्पना नोंदवली, आणि गोल छत्रीची जागा हळूहळू त्या पंखाने घेतली. पण आपल्याकडे या छंदाचं माहेर सैन्यदलंच. हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ मध्ये सैनिकी उडी घेतली, रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचल थॉमस १९७९ मध्ये पहिल्या भारतीय महिला स्कायडायव्हर झाल्या, हवाई दलाचा आकाशगंगा हा चमू १९८७ मध्ये उभा राहिला. बाबांच्या नोकरीच्या आधीपासून हे एकेक घडत होतं. आणि मग आपली पुण्याची शीतल महाजन! १८ एप्रिल २००४, उत्तर ध्रुव, उणे ३७ अंश, आणि आयुष्यातली पहिलीच उडी. सराव म्हणून एकही नाही! पहिल्याच उडीला पाठीवर काय घेऊन गेली असेल ती? एका न पाहिलेल्या माणसाची घडी. पुढे २०१८ मध्ये तिने नऊवारी नेसून उडी मारली. कुठे? पट्टायाला! मी जिथे ओरडत खाली आले त्याच आकाशातून. हे वाचलं तेव्हा मी ट्रंकेसमोर उभी राहून लेकीला फोन लावला आणि दोघी एकदमच बोलत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक आली आणि आम्ही कावळेसादला गेलो. धबधबे नुकते सुरू झालेले, दरी ढगांनी भरलेली, वारा तोच, खालून वर. भाजलेल्या कणसांच्या गाडीवरचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा ताडपत्रीखालून आमच्याकडे बघत होता. मी बाबांचा रुमाल काढला, दोऱ्या उलगडल्या, दगड बांधला. एक दोरी किंचित पिळलेली होती, ती सरळ केली. मग रुमालाच्या चुण्या एकावर एक घातल्या, दोऱ्या नागमोडी दुमडून मध्ये ठेवल्या, जशा पट्टायाच्या त्या टेबलावर पाहिल्या होत्या तशा. आणि कठड्यावरून सोडला.

मी सेकंद मोजायला लागले: एक हजार एक, एक हजार दो. रुमाल खाली गेला, ढगात दिसेनासा झाला. एक हजार तीन. लेकीने माझा दंड धरला. एक हजार चार, आणि तो उघडा, भरलेला, ताठ, जराही न झुलता आमच्या डोळ्यांसमोरून वर चढला, डोक्यावरून मागे गेला, रस्ता ओलांडून थेट कणसांच्या गाडीपाशी उतरला. मुलाने धावत जाऊन तो उचलला, पाणी झटकलं, उलटासुलटा केला आणि भोकातून बोट घालून माझ्याकडे बघितलं.

“काकी, ह्या भोक पडला की मुद्दाम केलास?”

मी त्याच्या शेजारी ओल्या दगडावर बसले. “मुद्दाम,” म्हटलं. “बस हकडे, सांगतंय.”