अंगण खरेच वाकडे होते





या पानावर आम्ही दर अंकात परीक्षा, शिस्त, वाचन अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय आहे मोबाइलवरचा खेळ. प्राचार्यांना हे काय सुचले, असे काहींना वाटेल. पण या विषयात आमच्याकडून एक चूक झाली आणि ती ज्या शाळेत झाली त्याच शाळेच्या पत्रिकेत कबूल करावी, असे वाटले. (आम्ही 'मी' न लिहिता 'आम्ही' लिहितो यावर काही वाचक हसतात. त्यात मोठेपणा नाही. सारे शिक्षण हिंदी माध्यमातून आणि सारा जन्म भोपाळात गेला. 'हम' म्हणायची जिभेला इतकी सवय की मराठीतही तेच उतरते.)

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील त्याला घेऊन आमच्या कक्षात आले. मुलाने रागाच्या भरात मोबाइल भिंतीवर आपटला होता. मोबाइल आईचा, आणि त्याचे हप्ते अजून फिटायचे होते. झाले असे की, याचा मामेभाऊ जर्मनीत फ्रँकफुर्टला राहतो. दोघे मिळून ऑनलाइन नेमबाजीचा एक खेळ खेळतात. मामेभाऊ शाळेतून घरी येतो तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. खेळ मध्यरात्रीपर्यंत चाले आणि रोज हाच हरे. मामेभाऊ चिडवी, "भोपाळवाले स्लो!" एका रात्री ते सहन झाले नाही.

वडील म्हणाले, "सर, हा म्हणतो चूक माझी नाही, सर्व्हर लांब आहे. आता तुम्हीच याला समजवा."

आम्ही समजावले. म्हणजे एक म्हण ऐकवली, "नाचता येईना, अंगण वाकडे!" वडील हसले, आम्हीही हसलो. मुलगा मान खाली घालून उभा होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "सर, अंगण खरंच वाकडं आहे. दाखवू का?"

तीस वर्षे शिकवल्यानंतर एवढे तरी कळते की विद्यार्थी 'दाखवू का' म्हणाला तर पाहावे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही, तो आणि आमचे संगणक शिक्षक प्रयोगशाळेत जमलो.

आधी तो खरोखर सावकाश आहे का, हे पाहायचे ठरले. त्यासाठी एक साधा प्रयोग आहे, तो घरीही करता येईल. एकाने 30 सेंटीमीटरची पट्टी उभी धरायची. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्यापाशी, अंगठा आणि बोट पट्टीला न लावता तयार ठेवायचे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडली की दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची. किती सेंटीमीटरवर पकडली त्यावरून वेळ काढता येतो, कारण खाली पडणारी वस्तू कोणत्या वेळात किती अंतर कापते हे सूत्र नववीच्या पुस्तकातच आहे. मुलाने पट्टी 17 सेंटीमीटरवर पकडली, म्हणजे सुमारे 0.19 सेकंद. आम्ही पकडली ती 27 वर, म्हणजे सुमारे 0.23 सेकंद. मुलगा सावकाश नव्हता. सावकाश कोण, ते संगणक शिक्षकांनी न बोलता फळ्यावर लिहिले.

मग त्याने संगणकावर एक काळी खिडकी उघडली आणि 'पिंग' अशी आज्ञा दिली. हा शब्द मुलांच्या तोंडी आम्ही पुष्कळदा ऐकला होता, अर्थ विचारला नव्हता. पाणबुडी पाण्यात ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो त्यावरून अंतर ओळखते. त्या आवाजावरून माइक मूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 1983 मध्ये आपल्या छोट्याशा प्रोग्रामला हे नाव दिले. आपला संगणक दूरच्या संगणकाला हाक मारतो आणि 'ओ' यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतो. एक सेकंद म्हणजे हजार मिलिसेकंद. आमच्या प्रयोगशाळेतून मुंबईच्या सर्व्हरचा आकडा तिशीच्या आसपास आला. फ्रँकफुर्टचा दीडशेच्या वर.

एवढा फरक का पडतो? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. भोपाळहून मुंबई रेल्वेने सुमारे 840 किलोमीटर. तेवढेच अंतर धरले तर जाऊन येऊन आठ-नऊ मिलिसेकंद पुरायला हवेत. मग तीस का? आपली पंजाब मेल आठवा. गाडीचा वेग कितीही असो, इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड येथे तिला थांबावेच लागते. इंटरनेटचा संदेशही असाच जंक्शन घेत जातो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ मोडतो. फ्रँकफुर्टचा रस्ता तर फारच लांबचा. मुंबईहून समुद्राखालच्या केबलने अरबी समुद्र, तांबडा समुद्र, मग इजिप्त, भूमध्य समुद्र, आणि तेथून युरोप. सप्टेंबर 2025 मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले, ते याच कारणाने.

आता खेळात काय होते ते पाहा. दोन्ही खेळाडूंच्या मोबाइलवर खेळ दिसत असला तरी खरा पंच असतो सर्व्हर. कोणी कोणाला आधी टिपले, हे तोच ठरवतो. फ्रँकफुर्टचा सर्व्हर असेल तर तेथील दृश्य भोपाळात दिसायला 75 मिलिसेकंद आणि भोपाळचे बोट दाबल्याची वर्दी तेथे पोचायला आणखी 75. मुलाचे स्वतःचे 0.19 सेकंद आणि वाटेतले 0.15, एकूण 0.34 सेकंद. म्हणजे फ्रँकफुर्टच्या पंचासमोर हा चौदा वर्षांचा मुलगा आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसापेक्षाही सावकाश ठरत होता! खेळ बनवणारे यावर उपाय करतात. दूरच्या खेळाडूने बोट दाबले त्या क्षणी त्याला काय दिसत होते, ते सर्व्हर थोडे मागे जाऊन तपासतो. पण मग जवळचा खेळाडू तक्रार करतो की मी भिंतीआड लपलो होतो, तरी मला गोळी कशी लागली? एकाला न्याय दिला की दुसऱ्यावर अन्याय होतो. अंतर कोणालातरी सोसावेच लागते.

आणि सर्व्हर फ्रँकफुर्टचाच का? कारण खेळाची खोली नेहमी मामेभाऊ उघडत असे आणि खेळ त्याच्या जवळचा प्रदेश आपोआप निवडत असे. दोघांपैकी कोणीही हे मुद्दाम केले नव्हते.

ज्येष्ठ वाचकांना या गोष्टी अगदीच परक्या वाटू नयेत. पुण्याजवळ आर्वी येथे 1972 मध्ये उपग्रह केंद्र सुरू झाले आणि परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणे होऊ लागले. तो उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागे. मग दोघे एकदम बोलत, दोघे एकदम गप्प होत आणि "हॅलो, हॅलो" करण्यात पैसे जात. तसेच कचेरी कोठे आहे याने काय फरक पडतो, हेही आपल्या समाजाला सांगायला नको. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली आणि कितीतरी मराठी कुटुंबे दप्तरांच्या मागोमाग इकडे आली. माणसे तीच, पण कचेरी उचलून दुसरीकडे ठेवली की कोण जवळचा आणि कोण लांबचा, हे बदलते.

खेळांतही असे बदल झाले आहेत. 'व्हॅलोरंट' हा खेळ जून 2020 मध्ये आला तेव्हा भारतातील खेळाडूंना सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळावे लागे. काही महिन्यांनी मुंबईत सर्व्हर आला आणि तीच मुले, त्याच घरांतून, अधिक बरोबरीने खेळू लागली. मधल्या काळात त्यांची बोटे काही बदलली नव्हती.

आम्ही मुलाच्या वडिलांना बोलावून हे सारे सांगितले. मुलालाही सांगितले की सर्व्हर लांब आहे हे खरे, पण भिंत जवळ होती आणि मोबाइल तूच आपटलास. ते त्याने मान्य केले. भाऊबिजेच्या ओवाळणीचे त्याच्याकडे राहिलेले पैसे दुरुस्तीला गेले. रात्रीचा खेळ बंद झाला. आता शनिवारी दुपारी वडिलांच्या मोबाइलवर एक तास. दोघा भावांनी आपसांत नियम केला आहे, एक डाव मुंबईच्या सर्व्हरवर, एक फ्रँकफुर्टच्या. क्रिकेटचे संघ एकमेकांच्या देशात जाऊन खेळतात, तसेच हे. मुंबईच्या पहिल्याच डावात मामेभाऊ हरला आणि म्हणाला, "अरे, आज माझं नेट स्लो आहे." फ्रँकफुर्टच्या डावात हा अजूनही हरतो. पण मोबाइल आपटत नाही.

येथे हा लेख संपायला हवा होता. पण त्या दिवशी प्रयोगशाळेतून कक्षात परतताना आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती जाईना.

2020 मध्ये शाळा बंद होती तेव्हा सहावीची तोंडी परीक्षा आम्ही मोबाइलवरून घेतली होती. शहराच्या टोकाला राहणारी एक विद्यार्थिनी होती. घरात एकच मोबाइल, तीन भावंडे. आम्ही प्रश्न विचारत होतो, पलीकडे शांतता. मनात पाचपर्यंत मोजायचे आणि पुढचा प्रश्न. तिच्या प्रगतिपुस्तकात आम्ही आपल्या हाताने लिहिले, 'उत्तरे देण्यात मंद'.

ती आता अकरावीत आहे. आम्ही तिला बोलावून विचारले, ते आठवते का? ती थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, मी उत्तर देत होते. तुमचा पुढचा प्रश्न यायचा तेव्हा मी आधीच्या प्रश्नाचं उत्तर सांगत असायचे. मग ते चुकीचं ठरायचं." शाळा पुन्हा सुरू झाल्यावर वर्षभर तिने वर्गात हात वर केला नव्हता, हेही तिने सांगितले. तेव्हा आम्ही म्हणत असू, मुलगी लाजाळू आहे.

याचे अधिक वाईट वाटले, कारण हे दुःख आम्हाला माहीत असायला हवे होते. 1994 मध्ये महाराष्ट्रातील एका शाळेत आम्ही मुलाखतीला गेलो होतो. प्रश्न अस्सल पुस्तकी मराठीत येई, मध्येच इंग्रजीत. आम्ही तो मनात हिंदीत करायचो, हिंदीत विचार करायचो आणि उत्तर पुन्हा मराठीत आणायचो. समोरचे गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला विचार करायला फार वेळ लागतो." आम्हाला सांगायचे होते, विचाराला नाही हो, प्रवासाला वेळ लागतो. पण तेही वाक्य तयार होईपर्यंत पुढच्या उमेदवाराला हाक गेली होती. भोपाळच्या परतीच्या गाडीत आम्ही सगळी उत्तरे नीट दिली!

त्या विद्यार्थिनीची आम्ही तिच्या आईवडिलांसमोर क्षमा मागितली. जुने प्रगतिपुस्तक बदलता येत नाही. पण त्यातील तो शेरा चुकीचा होता असे पत्र शाळेच्या शिक्क्यासह तिला दिले आहे. शिक्षकांच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या आहेत. प्रश्न विचारल्यावर पुरेसे थांबायचे. आणि कोणाच्या नावापुढे 'मंद' लिहिण्यापूर्वी त्याच्यापर्यंत प्रश्न पोचला कधी, कोणत्या भाषेतून, कोणत्या वाटेने, याची चौकशी करायची. आपल्या शाळेतील पुष्कळ मुले घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी तीन जंक्शने घेत उत्तरापर्यंत येतात.

पालकांना एवढीच विनंती, मूल 'नेट स्लो होते' म्हणाले की ते लगेच खरे मानू नका आणि लगेच खोटेही ठरवू नका. पाच मिनिटे जवळ बसून 'दाखव' म्हणा. खरे असेल तर कळेल, बहाणा असेल तर तोही कळेल.

आणि ती म्हण? ती आम्ही यापुढेही वापरणार, चांगली म्हण आहे. फक्त आधी अंगण पाहून येऊ.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य