रोमचीं तांब्याचीं नाणीं

रोम पाहावयास गेलेला प्रवासी कोलोसियम पाहतो, सेंट पीटरचें देवालय पाहतो आणि पुढच्या गांवास निघतो. आम्हांस जुन्या नाण्यांचा नाद असल्यामुळें आमचा मार्ग थोडा निराळा झाला. मुख्य रेल्वे स्थानकाजवळ पालात्सो मास्सिमो नांवाचें संग्रहालय आहे. त्याच्या तळघरांतील नाण्यांचें दालन आधीं पाहावें व मग भग्न रोममध्यें हिंडावें, असा आम्हीं बेत केला.

सोन्यारुप्याचें नाणें धनिकांच्या पेटींत राही. भाजीबाजारांत व स्नानगृहांत फिरे तें तांब्यापितळेचें. तांब्याचे चार ‘आस’ म्हणजे पितळेचा एक ‘सेस्टर्टियस’, आणि असे चार सेस्टर्टियस म्हणजे रुप्याचा एक ‘देनारियस’. कॅपिटोलिन टेकडीवर यूनो मोनेता देवीचें मंदिर होतें व त्याच्याजवळ टांकसाळ होती. या ‘मोनेता’पासूनच इंग्रजींतील ‘मनी’ हा शब्द निघाला.

टेकडीच्या पायथ्याशीं फोरमचें पटांगण पसरलें आहे. तेथें जानस देवाचें मंदिर असे. युद्ध चालू असतां त्याचीं दारें उघडीं ठेवीत, शांतता झाली म्हणजे मिटीत. आज त्याचा मागमूसही दिसत नाहीं; त्याचें रूप कळतें तें मुख्यतः नीरो बादशहाच्या नाण्यांवरून. त्यांवर दारें मिटलेलीं असून जलस्थलीं शांतता नांदत असल्याची ग्वाही आहे. परंतु इ. स. ६६ मध्यें यहुदी लोकांनीं बंड केलें. पुढें ७१ सालच्या व्हेस्पेशियनच्या नाण्यांवर खजुरीखालीं बसलेली एक शोकाकुल स्त्री दिसते. ती म्हणजे जिंकलेला यहुदी प्रांत. त्या युद्धाच्या लुटींतून कोलोसियम बांधलें असें विद्वान् मानतात. ८० सालीं टायटसनें तें खुलें केलें, आणि प्रेक्षकांनीं भरलेलें तें रंगमंडळही लवकरच नाण्यावर उमटलें. वर्तमानपत्रें नव्हतीं त्या काळीं बादशहाचें म्हणणें घरोघर पोंचविण्याचें काम नाणें करी.

परंतु हें झालें बादशहाचें म्हणणें. प्रजेची साक्ष नाणें कोठें सांपडलें यांत असते. तमिळनाडूंत मदुरा व करूर या भागांत चौथ्या-पांचव्या शतकांतील रोमन तांब्याचीं बारीक नाणीं सांपडलीं आहेत. कित्येकांवरील छाप पार झिजले आहेत. तथापि जागा ठाऊक असल्यामुळें तोंपर्यंत रोमन जगाशीं दक्षिणेचा संबंध होता हें कळतें. जागा विसरली गेली असती तर तीं केवळ तांब्याच्या चकत्या ठरलीं असतीं.

हा विचार मनांत असतांनाच एका दुकानांत मातीनें माखलेल्या अशाच नाण्यांची परडी आमच्यापुढें आली. किंमत आवांक्यांतील होती, मोहही मोठा होता. ‘हीं कोठें सांपडलीं?’ या आमच्या प्रश्नास दुकानदारानें हंसून किंमत आणखी कमी केली. इटलींत कायद्यानें भूमींतून निघणारी प्राचीन वस्तु सरकारच्या मालकीची ठरली आहे. परडी परत सारून आम्ही रिकाम्या हातांनीं बाहेर पडलों.

वाचकांच्या घरींही आजोबांच्या पेटींत जुनें नाणें असेल. दिवाळीच्या भांड्यांबरोबर तें चिंचेनें घासूं नये. त्यावरील हिरवट-काळी पुटी हेंच त्याचें कवच होय. आणि तें कोणत्या गांवचें, कोणी आणलें, हें घरांतील वडील माणसांस आजच विचारून कागदावर लिहून ठेवावें. नाणें शतकानुशतकें टिकतें. तें सांगणारें माणूस टिकत नाहीं.